सुट्टीला जाताना स्वतःची गाडी की विमान? ठाणे आणि नवी मुंबईकरांचे अनुभव

कोलशेत, ठाणे

येत्या दिवाळीत आम्हा पाच जणांना पुन्हा गोव्याला जायचे आहे. मी, पत्नी, 12 आणि 7 वर्षांची दोन मुले आणि 71 वर्षांची आई. गाडीने जावे की विमानाने, यावर गेले पंधरा दिवस रोज रात्री जेवताना चर्चा होते आणि ताटे उचलली गेली की ती तशीच अर्धवट राहते. म्हणून आपल्या भागातल्या मंडळींनी स्वतःचे अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. मे 2025 मध्ये आम्ही विमानाने गेलो होतो. विमान सकाळी 11.20 चे होते, पण पवईच्या रस्त्याचा भरवसा नसल्यामुळे साडेसातलाच घर सोडले. विमान वेळेवर सुटले, सव्वा तासात गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरलेही. त्यानंतर बॅगा येण्याची वाट पाहणे, टॅक्सी ठरवणे, वाटेत जेवण आणि तिथून बाणावली, म्हणजे सुमारे पाऊणशे किलोमीटर. खोलीत पाऊल ठेवले तेव्हा चार वाजले होते. ज्या प्रवासाला सगळे सव्वा तासाचा म्हणतात, तो आमच्या दारापासून साडेआठ तासांचा झाला. आमच्याच इमारतीतले एक कुटुंब त्या दिवशी पहाटे पाचला गाडीने निघून संध्याकाळी साडेपाचला तिथे पोहोचले. चार तासांच्या फरकासाठी मी पाच जणांचे येण्याजाण्याचे 54,000 रुपये मोजले होते. गाडीचा हिशेब करून पाहिला तर 1,200 किलोमीटरला, लिटरमागे 15 धरून, 80 लिटर पेट्रोल लागते आणि तेव्हाच्या 104 रुपयांच्या भावाने त्याचे 8,320 रुपये होतात, टोल वेगळा.

हिशेब इतका सरळ असूनही निर्णय होत नाही, कारण आई बारा तास गाडीत कशी बसेल हे त्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. लिहिताना कृपया कुठून निघालात, सोबत कोण होते आणि दारापासून दारापर्यंत किती तास लागले, तेवढे आवर्जून नमूद करावे.

ऐरोली

पहिली गोष्ट, बाणावलीला जायचे होते तर तिकीट दाबोळीचे काढायला हवे होते. तिथून बाणावली जेमतेम 25 किलोमीटर आहे. जानेवारी 2023 पासून मोपा सुरू झाल्यावर गोव्याला दोन विमानतळ झाले, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही आणि तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीवाल्याच्या खिशात जातात. मोपा पेडणे तालुक्यात आहे; मोरजी, हरमल किंवा आमच्या सावंतवाडीकडे जाणाऱ्यांसाठी तो सोयीचा आहे.

आम्ही मात्र गाडीवालेच. चार माणसे, सीएनजीची गाडी, त्यामुळे डिकीचा अर्धा भाग टाकीने व्यापलेला आणि एक बॅग कायम मागच्या सीटवर मुलांच्या मधोमध बसलेली. तिच्यावर कोणाचे कोपर असावे यावरून पेणपर्यंत भांडण होते, माणगावच्या कोंडीत ते पुन्हा पेटते. चिपळूणला गॅससाठी एकदा 40 मिनिटे रांगेत काढली आहेत. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम 2011 पासून चालू आहे. तेव्हा बालवाडीत असलेला माझा भाचा आता गाडी चालवायला शिकतो आहे. तरीही कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा टप्पा सुसह्य झाला आहे, हे मान्य करावे लागेल. पाऊस नुकताच संपलेला असेल तर मी पुणे, कोल्हापूर आणि आंबोलीमार्गे जाणे पसंत करतो. अंतर थोडे अधिक पडते, पण पाठीला बरे.

ज्यांनी फास्टॅगचा वार्षिक पास घेतला आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे. त्यात 200 फेऱ्या मिळतात, परंतु तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो; मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे 320 रुपये वेगळे कापले जातात.

आता गाडीने जाण्याचे खरे कारण सांगतो. मे महिन्यात परतताना आम्ही देवगडला वाट वाकडी करून हापूसच्या दोन पेट्या आणि एक बरका फणस घेतो. वातानुकूलन चालू, काचा बंद, आणि पेटीतल्या गवताचा, आंब्याचा आणि फणसाचा एकत्र वास. लांज्यापर्यंत सगळे खूश असतात. संगमेश्वरानंतर सौ. काच खाली करायला लावतात. विमानात 15 किलोची मर्यादा असताना हे कसे जमायचे?

खारघर

कोलशेतच्या आजींच्या संदर्भात मुद्दाम लिहिते आहे. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे 2021 मध्ये बदलले आहेत. एका जागी तासाभरापेक्षा अधिक बसू नये, असे डॉक्टरांनी सांगितलेले आहे. जानेवारी 2024 मध्ये उदयपूरला जायचे ठरले, तेव्हा सुरत, बडोदा, अहमदाबाद असे पावणेआठशे किलोमीटर त्यांना गाडीतून नेण्याचा प्रश्नच नव्हता.

तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवली होती. दारापासून विमानाच्या आसनापर्यंत एक मुलगा त्यांना घेऊन गेला आणि त्यांच्यामुळे आम्हा सर्वांचीही रांग टळली. तपासणीत मात्र यंत्र वाजले. महिला शिपायाने त्यांना पडद्याआड नेऊन तपासले, याचे त्यांना फार वाईट वाटले आणि विमान उडेपर्यंत त्या कोणाशी बोलल्या नाहीत. परतीच्या वेळी यंत्र वाजण्याआधीच त्यांनी शिपाईबाईंना हात करून सांगितले, "बाई, माझे दोन्ही गुडघे लोखंडाचे आहेत, आधीच सांगून ठेवते." दोघीही हसल्या. एक सूचना: मिरचीचे लोणचे हातातल्या पिशवीत ठेवू नये, ते काढून घेतात. आमची बरणी तिथेच राहिली.

आम्हा पनवेल-खारघरच्या लोकांचे गणित आता आणखी बदलले आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून तिथून उड्डाणे सुरू झाली. पूर्वी अंधेरीला पोहोचायला दीड तास राखून ठेवावा लागे. आता हव्या त्या शहराचे आणि सोयीच्या वेळेचे विमान इथून मिळाले तर 25 मिनिटांत आम्ही दारात असतो. ठाण्याच्या मंडळींनीही तिकीट शोधताना दोन्ही विमानतळ पाहावेत. ठाणे-बेलापूर रस्त्याने येणे पवई ओलांडण्यापेक्षा सोपे वाटू शकेल.

कळवा

लहान मूल असलेल्यांसाठी थोडक्यात लिहितो. दोन वर्षांखालील बाळाला मांडीवर बसवून थोड्या शुल्कात नेता येते, म्हणून मुलगा दोन वर्षांचा होण्याआधी एक सहल विमानाने करून घ्यावी, असा आमचा हिशेब होता. निघताना तो दोन वर्षांना तीन दिवस कमी होता. त्याचा वाढदिवस आम्ही जयपूरला साजरा केला आणि परतताना त्याचे पूर्ण तिकीट काढावे लागले, तेही आयत्या वेळच्या भावाने. त्याच्या हक्काच्या आसनावर तो एक मिनिटही बसला नाही.

मानपाडा, घोडबंदर रस्ता

नोव्हेंबर 2025 मध्ये आम्ही चौघे समृद्धी महामार्गाने ताडोब्याला गेलो होतो. इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून ठाणेकरांना हा रस्ता अगदी घरापाशी आल्यासारखा झाला आहे. पहाटे पाचला निघालो, पावणेसहाला आमण्याला चढलो, वर्ध्यापाशी समृद्धी सोडली आणि जाम, वरोरामार्गे दुपारी साडेतीनला ताडोब्याच्या मोहर्ली प्रवेशद्वारापाशी पोहोचलो. विमानाने नागपूर गाठून तिथून टॅक्सीने तीन तास जाण्याचा पर्याय होता, पण सगळे मिळून तो फार तर तीन-साडेतीन तास वाचवणारा होता आणि चौघांच्या तिकिटांचे पैसे सफारीला हवे होते.

या रस्त्याबद्दल मात्र सावध करायला हवे. वेगमर्यादा ताशी 120 आहे, रस्ता सरळ आहे, आणि नेमका हाच त्याचा दोष आहे. जालना मागे पडल्यावर समोर काहीही बदलत नाही. वळण नाही, गाव नाही, आडवे येणारे कोणी नाही. हात स्टिअरिंगवर, डोळे उघडे, आणि तरी मागच्या दहा किलोमीटरांत काय पाहिले ते आठवू नये, अशी अवस्था मला एकदा जाणवली आणि मी पुढच्या थांब्यावर गाडी घेतली. त्यानंतर मुलीने मला दर पंधरा मिनिटांनी पुढच्या पाटीवरचे अंतर मोठ्याने वाचायला लावले. निघण्यापूर्वी टायरची हवा, तीही टायर थंड असताना, नक्की तपासावी. तापलेल्या काँक्रिटवर तासन्तास एकाच वेगाने धावताना टायरचा कस लागतो. खाण्याचे घरून न्यावे, कारण पेट्रोल मिळते पण धड जेवण मिळेलच असे नाही. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दुपारपर्यंत पुरली.

परतताना काय झाले तेही लिहितो. इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरांचा बोगदा सहा मिनिटांत पार केला. त्यानंतर वडपे ते माजिवडा हे जेमतेम 23 किलोमीटर पार करायला एक तास पन्नास मिनिटे लागली. वर्ध्याहून निघालेल्या माणसाचे डोळे माणकोलीला पाणावतात.

नेरूळ

गाडी की विमान, याआधी एक प्रश्न कोणी विचारत नाही, तो मी विचारते. गाडी चालवणार कोण? वर बहुतेकांनी "आम्ही गाडीने गेलो" असे लिहिले आहे, पण त्या "आम्ही"तला एकच जण बारा तास समोर पाहत असतो.

2018 मध्ये आम्ही बहिणीच्या कुटुंबासोबत हंपीला गेलो तेव्हा माझे मेहुणे एकटे चालवत होते. मोटारीत परवाना असलेल्या आणखी दोन बायका होत्या, मी आणि माझी बहीण. पण "महामार्गावर नको, तुम्हाला सवय नाही" हे वाक्य इतक्या सहजपणे बोलले गेले की आम्हीही ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी विरूपाक्ष मंदिराच्या आवारात खांबाला टेकून ते जे झोपले, ते माकडाने मांडीवरची केळी नेली तरी जागे झाले नाहीत. त्यांना हंपी कसे वाटले, असे नंतर विचारले तर ते म्हणाले की रस्ता चांगला आहे.

डिसेंबर 2023 मध्ये मी आणि माझा भाऊ पुन्हा तिथे गेलो, आई-वडिलांना आणि मुलांना घेऊन. दर दोन तासांनी चालक बदलायचा, अंधार पडल्यावर चालवायचे नाही, आणि जाताना विजयपूरला मुक्काम. त्यामुळे गोल घुमटही पाहून झाला; वरच्या सज्जात कुजबुजलेले पलीकडे ऐकू येते म्हणून मुलांनी तिथे तासभर काढला. हंपीला विमानाने जाऊन फारसे साधत नाही, असे माझे मत आहे. हुबळीला उतरलात तरी पुढे 160 किलोमीटर टॅक्सी करावी लागते, आणि तिथल्या तिथे फिरायला, शिवाय बदामी-पट्टदकलला जायला वाहन हवेच. जिथे पोहोचल्यावरही रोज गाडी लागणार आहे, तिथे ती घरून न्यावी. पण चालक दोन असावेत. एकच असेल तर विमानाची तिकिटे काढा आणि त्या माणसालाही सुट्टी द्या.

नौपाडा, ठाणे

आम्ही दोघे सत्तरीच्या पुढचे आहोत. डिसेंबर 2019 मध्ये दिल्लीमार्गे वाराणसीला निघालो होतो. स्वस्त पडते म्हणून मुलाने दोन टप्प्यांची तिकिटे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची काढली होती. दिल्लीच्या धुक्यात पहिले विमान चार तास उशिरा पोहोचले, दुसरे निघून गेले, आणि तिकिटे स्वतंत्र असल्यामुळे कोणीच जबाबदारी घेतली नाही. टप्पे दोन असले तरी तिकीट एकच असावे, हे तेव्हा कळले. उत्तरेकडे हिवाळ्यात जाताना सकाळची विमाने शक्यतो टाळावीत.

गाडीत असे होत नाही, असे मी लिहिणार होतो; पण शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी नाताळच्या शनिवारची आठवण करून दिली. खंडाळ्यात अमृतांजन पुलापाशी (पूल 2020 मध्येच पाडला, नाव मात्र तोंडातून जात नाही) आम्ही तीन तास अडकलो होतो, सोबत पाच वर्षांचा नातू होता आणि त्याला लघवीला जायचे होते. पुढचे लिहीत नाही.

पनवेल

दोन्हींच्या मधला मार्गही आहे. केरळला आम्ही विमानाने कोचीला गेलो आणि तिथून सहा दिवसांसाठी चालकासह गाडी घेतली. मुन्नारचा घाट त्या चालकाच्या रोजच्या पायाखालचा होता, त्यामुळे मला खिडकीतून चहाचे मळे पाहता आले. पनवेलहून तेराशेहून अधिक किलोमीटर गाडी हाकत गेलो असतो, तर सुट्टीतले चार दिवस येण्याजाण्यातच गेले असते.

कोलशेत, ठाणे

सर्वांचे आभार. ऐरोलीकरांनी दाखवलेली दाबोळीची चूक मी घरात अजून कबूल केलेली नाही.

नेरूळच्या ताईंचे लिखाण पत्नीने दोनदा वाचले आणि कपाटातून आपला परवाना काढून माझ्यासमोर ठेवला. तो 2014 चा आहे. आता ठरले आहे ते असे: गाडीनेच जायचे, पण दोन दिवसांत. पहिला मुक्काम कोल्हापूरला, दुसऱ्या दिवशी आंबोलीमार्गे बाणावली. आईसाठी दर तासाला थांबायचे. घाट मी चालवीन, साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत ती चालवील.

गेले दोन रविवार सकाळी सहा वाजता आम्ही घोडबंदर रस्त्यावर सरावाला जात आहोत. काल गायमुखच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे एक टँकर भोंगा वाजवत उभा राहिला. मी काही बोलण्याच्या आत मागच्या सीटवरून आई म्हणाली, "तू गप्प बस. तिला करू दे." तिसऱ्या प्रयत्नात गाडी चढली. पुढच्या रविवारीही आईला सोबत यायचे आहे.