‘गेलो होतो’ यासाठी ‘वेंट’ की ‘हॅड गॉन’?

प्रश्न (परभणी) : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘मी काल नांदेडला गेलो होतो’ याचे भाषांतर मी ‘आय हॅड गॉन टू नांदेड यस्टरडे’ असे केले, तेव्हा सरांनी ‘हॅड गॉन’ खोडून वर ‘वेंट’ लिहिले. ‘होतो’ म्हणजे ‘हॅड’ असे शाळेपासून पाठ असल्यामुळे माझे नेमके काय चुकले ते कळले नाही. कृपया समजावून सांगावे.

उत्तर (अंबाजोगाई) : ही चूक आपल्या मराठीतूनच येते आणि चाळीस वह्या तपासल्या तर तीसेक वह्यांत ती मला सापडते. गोष्ट मागे पडली, माणूस जाऊन परतही आला, हे सुचवायला आपण ‘होतो’ लावतो. म्हणूनच ‘किल्लारीला १९९३ साली भूकंप झाला होता’ असे सहज बोलून जातो. इंग्रजीत मात्र घटना कालची असो वा १९९३ची, ती संपलेली असून केव्हा घडली हे सांगितले असेल, तर एरवी साधा भूतकाळच येतो. ‘हॅड’साठी भूतकाळातलाच दुसरा एखादा क्षण लागतो, ज्याच्या आधी ती गोष्ट घडून गेलेली असते. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे आपण पोहोचण्याआधीच गाडी निघून गेली होती. इथे नुसते ‘लेफ्ट’ लिहिले, तर आपण पोहोचलो आणि मग गाडी सुटली, असा अर्थ होतो.

उत्तर (लातूर) : सरांच्या म्हणण्याला एक जोड देते. ‘आय डिड नॉट वेंट’ हे वाक्यही फार आढळते. ‘डिड’मध्ये भूतकाळ येऊन गेलेला असतो, त्यामुळे पुढे ‘गो’च हवे. एक सोय मात्र आहे : आपण भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, शेंगा खाल्ल्या असे रूप बदलत राहतो, इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘एट’ पुरते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग आईने हाक मारल्यावर आपण ‘आलोच’ म्हणतो, ते ‘आय केम’ होईल का?

उत्तर (अंबाजोगाई) : नाही. तिथे रूप भूतकाळाचे असले तरी येणे अजून व्हायचे आहे, म्हणून ‘आय अ‍ॅम कमिंग’.