चार महिने घर बंद, गिझरचं काय करू?
मदत हवी आहे मंडळी. आम्ही इंदिरानगरला राहतो, पाऊस सुरू झाला की लेकीकडे जातोय ते थेट दिवाळीलाच परत. २५ लिटरचा स्टोरेज गिझर आहे, पाणी बोअरचं, म्हणजे क्षार विचारूच नका, नळाच्या जाळीवर पांढरा थर बसतो. मागच्या वेळी नुसता स्विच बंद करून गेलो, आल्यावर पहिली बादली तांबूस आणि सडक्या अंड्यासारखा वास, हिने तर नाकच धरलं. आता एमसीबी (बोर्डातला गिझरच्या लाइनचा ब्रेकर) पाडणार, इनलेटचा कॉक बंद करणार हे ठरलंय, पण टाकी रिकामी करायची की भरलेलीच ठेवायची? प्लंबर म्हणतो रिकामी कर, मेव्हणा म्हणतो आतून गंजेल. आणि टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो मॅग्नेशियमचा रॉड आत्ताच बदलू की आल्यावर?