प्रेशर पंप बंदच होत नाही, टाकी उतरत नाही आणि गार नळाला कोमट पाणी

जांभ्याचं_घर:
देवगड तालुक्यात मिठबावजवळ आमचं जुनं जांभ्याचं घर. स्लॅब नंतरची. वर १००० लिटरची टाकी, तिच्यापेक्षा खाली २०० लिटरचा सोलर. गणपतीला १४ माणसं येणार होती आणि मागच्या न्हाणीत धार अगदीच बारीक, म्हणून आधीच्या आठवड्यात गार पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवला. सोलरची लाइन पूर्वीसारखीच, टाकीच्या उंचीवर चालणारी.

पाहुणे गेले, घर शांत झालं, तेव्हा लक्षात आलं की एकही नळ उघडा नसताना पंप चालूच आहे. रात्रभर घर्रर्र. स्विच बंद केला की गप्प, पुन्हा चालू केला की पुन्हा तेच. गळती म्हणावी तर भिंतीला ओल नाही. विहिरीचा पंप बंद ठेवून टाकीत काठी घालून मोजलं: रात्री १० वाजता दोन फूट पाणी, सकाळी ६ वाजताही दोन फूट. आता पाऊस ओसरून ऊन पडायला लागलंय, तर नवीनच तऱ्हा. सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातला गार नळ सोडला की कोमट पाणी, आणि आंघोळीला सोलरचं पाणीही तसंच कोमट.

प्लंबरने फ्लो स्विच (पाणी वाहू लागलं की पंप चालू करणारा) गेला म्हणून नवा टाकला. फरक शून्य. आता म्हणतो, सोलरच्या उभ्या व्हेंट पाइपातून अधूनमधून पाणी उडतं, त्याला बूच मारू. सासूबाईंच्या मते हे देवचाराचं, म्हणजे गावच्या राखणदार भुताचं, काम आहे.

सुकट_बोंबील:
देवचाराक कित्याक बदनाम करतास? तो बिडी मागता, पंप चालू करूक येणा नाय.

घाटमाथा:
लादीखालची लाइन फुटली असणार. लाद्या उचलायची तयारी ठेवा.

जांभ्याचं_घर:
अहो, फुटली असती तर टाकी उतरली असती ना! लाद्यांना मी हात लावू देणार नाही, त्या सासऱ्यांनी बसवलेल्या आहेत.

चिपळूणचा_फिटर:
ताई, आधी एक सांगतो. व्हेंटला बूच मारू देऊ नका. तापलेल्या पाण्याची वाफ आणि हवा तिथूनच जाते, आणि टाकीतलं पाणी ओढलं गेलं की हवा तिथूनच आत येते. ते तोंड बंद केलं तर सोलरची टाकी फुगेल नाहीतर चेपेल.

आता पंपाचं. पाणी बाहेर जात नाहीये, घरातल्या घरात गोल फिरतंय. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. तुमची टाकी नळापेक्षा ३ मीटर वर धरली तर सोलरच्या लाइनला ०.३ बार मिळतो. गार लाइनला मात्र पंपामुळे त्याच्या तीन-चार पट दाब आला असेल. कुठेतरी या दोन लाइन एकमेकींना मिळाल्यात. गार पाणी गरम पाइपातून उलटं चढून सोलरमध्ये शिरतं, तिथलं ऊन पाणी, सोलर ज्या पाइपाने भरतो त्याच पाइपाने उलटं, वरच्या टाकीत ढकलतं आणि तेच पंप पुन्हा खाली आणतो. म्हणून काठी दोन फुटांवरच राहते. गणपतीत आभाळ होतं, सोलर तापलाच नाही, म्हणून कोमट पाणी तेव्हा कळलं नाही.

पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करा. पंप थांबला तर फ्लो स्विच ठीक आहे. मग एकेका न्हाणीचे अँगल कॉक बंद करत जा. ज्या न्हाणीत मिक्सर (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) आहे आणि हँड शॉवरला बटण आहे, तिथून सुरुवात करा.

जांभ्याचं_घर:
सापडलं! मागच्याच न्हाणीत. हँड शॉवर आकड्याला टांगलेला, बटण बंद, त्यामुळे थेंबही गळत नव्हता. पण मिक्सरचे दोन्ही नॉब पूर्ण उघडे. पाहुण्यांपैकी कोणीतरी बटण दाबून पाणी बंद केलं आणि निघून गेलं. ती न्हाणी आम्ही एरवी वापरतच नाही. दोन्ही नॉब पिळले आणि पंप चार सेकंदांत गप्प. नव्या फ्लो स्विचचे पैसे मात्र गेले.

चिपळूणचा_फिटर:
नॉबवर भरवसा नको, दिवाळीत पुन्हा पाहुणे येतील. सोलरमधून निघणाऱ्या गरम लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, टाका. झडपवाला घ्या, स्प्रिंगचा नको. स्प्रिंगवाला एवढ्याशा दाबाला नीट उघडत नाही, मग गरम धार आणखी बारीक होईल. त्याच्यावरचा बाण न्हाणीकडे हवा.

घाटमाथा:
दोन्ही लाइन पंपावर घेतल्या तर?

चिपळूणचा_फिटर:
चालेल, पण पंप गरम पाणी सोसणारा हवा आणि गरम बाजूला सगळा पाइप सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा. जुन्या घरात मध्येच कुठेतरी साधा पीव्हीसीचा तुकडा जोडलेला निघतो. तो आधी शोधा.

जांभ्याचं_घर:
दुकानदाराने पहिल्यांदा स्प्रिंगवालाच दिला होता, परत करून झडपवाला आणला. मंगळवारी बसला. न्हाणीच्या दारावर मार्करने लिहून ठेवलंय, 'बटणाने नाही, नळाने बंद करा'. सासूबाई अजून म्हणतात, तरी एक नारळ ठेवून ये.

सुकट_बोंबील:
आणि बिडी.