नेपाळच्या वकील-न्यायाधीशांसाठी पुण्यात पाच दिवसांचं प्रशिक्षण: आराखडा तपासून द्या

लॉकॉलेज_रोड
आमच्या संस्थेत नेपाळहून ३२ जणांचा गट येतोय. त्यात २४ वकील आणि ८ जिल्हा न्यायाधीश आहेत. विषय दोन: फौजदारी खटल्यातला उलटतपास आणि शिक्षेचा आदेश लिहिणं. सध्याचा आराखडा असा: रोज चार व्याख्यानं, एक अख्खा दिवस शिवाजीनगर कोर्ट, शेवटच्या दिवशी अभिरूप न्यायालय. भाषा हिंदी. न्यायाधीश आणि वकील एकत्र बसवावेत का, यावर आमच्यातच दोन तट पडलेत. मतं हवीत, सविस्तर.

सरतपास
नुसत्या व्याख्यानांतून उलटतपास येत नाही. शिवाय अभिरूप न्यायालय म्हणजे आपल्याकडे बहुतेकदा अपिलातला युक्तिवाद. तिथे साक्षीदारच नसतो, मग उलटतपास कुणाचा घेणार?

२४ वकिलांचे सहा-सहाचे चार गट करा, प्रत्येक गटाला दोन प्रशिक्षक. हिशेब सरळ आहे: एकाचे पाच मिनिटं प्रश्न, पाच मिनिटं अभिप्राय. सहा जणांचा एक तास जातो, उरलेल्या अर्ध्या तासात निवडक भाग पुन्हा. म्हणजे दीड तासाचं एक सत्र. बारांचा गट केलात तर निम्मे लोक मोबाइलमध्ये जातात.

अभिप्रायाला हॅम्पल पद्धत वापरा. ऑस्ट्रेलियातून आलेली आहे, इंग्लंडच्या बॅरिस्टरांच्या प्रशिक्षणातही चालते. सहा पायऱ्या: कशाबद्दल बोलणार ते एका वाक्यात सांगायचं, त्याचेच शब्द जसेच्या तसे वाचून दाखवायचे, त्यात अडचण काय ते सांगायचं, उपाय द्यायचा, स्वतः करून दाखवायचं, मग त्याच्याकडून पुन्हा करून घ्यायचं. एका माणसाला एका वेळी एकच मुद्दा.

बिघडतं ते दुसऱ्या पायरीला. प्रशिक्षकाने प्रश्न-उत्तर शब्दशः टिपलेलं नसतं, म्हणून तो ‘तुम्ही जरा मोघम विचारलंत’ असं स्वतःच मोघम बोलतो. ‘तुम्ही तिथे का थांबलात?’ हा प्रश्न कागदावर असेल तर दाखवता येतं, की ‘का’ विचारल्याबरोबर साक्षीदाराला भाषणाची मुभा मिळाली. त्याऐवजी: ‘रात्रीचे नऊ वाजले होते.’ ‘रस्त्यावर दिवा नव्हता.’ ‘तुम्ही दुसऱ्या मजल्यावर होता.’ एका प्रश्नात एकच वस्तुस्थिती, उत्तर हो किंवा नाही. आणि ‘म्हणजे तुम्हाला दिसलंच नाही ना?’ हा शेवटचा प्रश्न विचारायचाच नाही, तो युक्तिवादासाठी ठेवायचा.

ज्येष्ठ वकील बोलवाल तर एक अट घाला: स्वतःच्या गाजलेल्या केसेस जेवणाच्या सुट्टीत.

मिसिल_वाचक
आपली केस फाइल भाषांतरित करून देऊ नका. नेपाळची राज्यघटना २० सप्टेंबर २०१५ ची. मुलुकी ऐन हा जुना कायदेसंग्रह जाऊन नव्या फौजदारी आणि दिवाणी संहिता १७ ऑगस्ट २०१८ पासून लागू झाल्या. पुराव्याचा कायदा मात्र १९७४ चाच. साक्षीदाराला त्याच्याच आधीच्या लेखी जबाबावरून खोडण्याचं आपल्या साक्ष अधिनियमातलं कलम १४८ (जुनं १४५) त्यांना सांगून उपयोग नाही. न्यायनिर्णयही त्यांचेच हवेत, ‘नेपाल कानून पत्रिका’ या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रिकेत छापलेले.

खटल्याचा क्रमही वेगळा. आरोपीचं न्यायालयातलं बयान तिथे सुरुवातीला होतं, मग ‘थुनछेक’, म्हणजे कोठडीत ठेवायचं की सोडायचं याचा आदेश. आपल्याकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खालचा आरोपीचा जबाब सरकारी पुरावा संपल्यावर. त्यामुळे त्यांच्या बचावाच्या वकिलाला आपल्या अशिलाच्या बयानाला बांधून घेऊनच पुढचे प्रश्न आखावे लागतात. आपल्या प्रशिक्षकांची इथे हमखास चूक होते.

लिपी एक असल्याने शब्द फसवतात. आपली ‘फिर्याद’ फौजदारी, त्यांचं ‘फिरादपत्र’ म्हणजे दिवाणी दाव्याचा अर्ज. पोलिसांत देतात ती ‘जाहेरी’. त्यांचा ‘मुद्दा’ म्हणजे खटला. ‘बकपत्र’ म्हणजे साक्षीदाराची न्यायालयातली साक्ष. अशा पंचवीसेक शब्दांचं एक पान प्रशिक्षकांना आधी द्या.

तारखा विक्रम संवतात ठेवा. सरसकट ५७ वजा करू नका, जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत फरक ५६ असतो. महिने २९ ते ३२ दिवसांचे, तेही दरवर्षी बदलतात. नेपाळी पंचांग समोर न ठेवता तारखा घातल्या तर ‘हदम्याद’, म्हणजे मुदत, चुकते आणि सगळा गट त्याच वादात सकाळ घालवतो.

फाइल वीस-पंचवीस पानांची पुरे: जाहेरी, घटनास्थळाचा मुचुल्का (म्हणजे पंचनामा), वैद्यकीय अहवाल, चार साक्षीदारांचे जबाब. प्रत्येक जबाबात एकच विसंगती पेरा. पाच पेरल्या की वकील कौशल्य दाखवत नाही, नुसती यादी वाचतो.

हिंदी कळते, पण उलटतपास नेपाळीतच होऊ द्या. परक्या भाषेत माणूस प्रश्न लांबवतो. दोन प्रशिक्षकांपैकी एक नेपाळी हवाच, नाहीतर वर सरतपास यांनी सांगितलेलं शब्दशः टिपणं जमणार नाही.

उजवी_बाजू_कोर्ट
एकत्र की वेगळे? पहिले तीन दिवस वेगळे. ज्याच्यासमोर उद्या उभं राहायचं त्याच्यादेखत वकील चुका करायला धजत नाही. न्यायाधीशही वकिलांसमोर ‘मला हे जमत नाही’ म्हणणार नाहीत. चौथ्या दिवशी पूर्ण खटला चालवा, तेव्हा न्यायाधीशांनी फक्त हरकतींवर जागच्या जागी निर्णय द्यायचा, कारण एका वाक्यात.

आठ न्यायाधीशांना एकच दोषसिद्धी झालेली फाइल द्या, तीन तास, दोन पानांचा आदेश. तीन वर्षांहून जास्त कैद होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात त्यांच्याकडे शिक्षेसाठी वेगळी सुनावणी आहे, तेव्हा दोन्ही बाजूंचं म्हणणंही फाइलीत हवं. मग आठ शिक्षा फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. अख्ख्या आठवड्यातलं सर्वांत जिवंत सत्र हेच होईल. आदेश एकमेकांत बदलून, पुरावा नुसता सांगितलाय तिथे एक रेघ आणि निष्कर्ष काढलाय तिथे दोन रेघा मारायला लावा. पहिल्या मसुद्यात एकेरी रेघाच जास्त निघतात.

फाशी कधी द्यायची याच्या ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ या निकषाची आपली टिपणं बाजूला ठेवा. नेपाळच्या घटनेतच फाशीला मनाई आहे.

लॉकॉलेज_रोड
व्याख्यानं रोज एकावर आणली. शिवाजीनगरचा दिवस ठेवू का?

सरतपास
अर्धा दिवस. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी परवानगीचा अर्ज आधीच द्या. आठांपेक्षा जास्त जण एका दालनात नकोत. ज्या सत्र न्यायालयात त्या दिवशी खरंच साक्ष नोंदवायची आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर बोर्डावरच्या तारखा पडताना बघून परत याल. साक्ष मराठीत चालेल आणि आत कुजबुजत भाषांतर करता येणार नाही, म्हणून प्रकरणाची ओळख बाहेरच करून द्या.

न्यायाधीशांचं प्रशिक्षण कसं चालतं ते पाहायचं असेल तर महाराष्ट्र न्यायिक अकादमी पुण्यात नाही, भाईंदरजवळ उत्तनला आहे. पाच दिवसांत ते बसवू नका.

मिसिल_वाचक
आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाचा पाच मिनिटांचा उलटतपास चित्रित करा, तोच साक्षीदार पाचव्या दिवशी पुन्हा. साक्षीदाराच्या भूमिकेला विद्यार्थी घेणार असाल तर त्यांना बजावा, की जबाबात नसलेलं काही मनाने सांगायचं नाही. हुशार विद्यार्थी इथेच घोळ घालतात.