मदत हवी आहे: केबल दुरुस्तीच्या जहाजावर घडणारी कथा कुणाला माहीत आहे का?

भयकथा म्हटली की ओसाड बंगला आणि विज्ञानकथा म्हटली की अंतराळयान, याचा आता खरंच कंटाळा आलाय. मला समुद्रतळाच्या इंटरनेट केबल दुरुस्त करणाऱ्या जहाजावरची कथा वाचायचीय. भर समुद्रात जहाज संथ सरकतंय, खाली काही किलोमीटर खोल लोखंडी आकडा तळ खरवडतोय. तुटलेलं टोक हाती लागलं की वर ओढायचं आणि बंद खोलीत केसाइतके बारीक काचेचे तंतू एकेक करून जोडायचे. जोडणी चालू असताना जहाज जागेवरच धरून ठेवावं लागतं. वादळ येवो, नाहीतर आकड्याला भलतंच काही लागलेलं असो! ऐतिहासिक रहस्यकथेलाही इथे भरपूर वाव आहे. १८५८ साली अटलांटिकखालून टाकलेली पहिली तार काही आठवड्यांतच मुकी झाली होती.

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरची, जगभरचं बियाणं उणे १८ अंशांत जपणारी तिजोरीही चालेल, पण पहिली पसंती जहाजालाच.

मराठी किंवा अनुवादित, कथा किंवा कादंबरी, काहीही सुचवा. फक्त जहाज एका प्रकरणापुरतं नको, सगळं तिथेच घडायला हवं. असं काही वाचलंय का कुणी?