इजेनचा ‘निळा लाव्हा’
निळ्या लाव्हासाठी इंडोनेशियातल्या इजेन ज्वालामुखीवर जावं का, असं कुणी विचारलं तर म्हणेन, जरूर जा, पण तो लाव्हा नव्हेच. पूर्व जावातल्या या ज्वालामुखीच्या भेगांतून तापलेले गंधकाचे वायू निघतात आणि हवा लागताच पेटतात, ती ज्योत निळी. उजेडात काहीच दिसत नाही, म्हणून लोक मध्यरात्रीनंतर चढायला लागतात. मास्क हवाच, वारा फिरला की घशात नुसती आग. विवरातलं हिरवट-निळं तळं देखणं आहे, पण पीएच १ च्याही खाली, म्हणजे चक्क आम्ल! मला मात्र पिवळ्याधमक गंधकाची ७०-८० किलोची कावड खांद्यावर घेऊन चढणारे मजूरच जास्त लक्षात राहिले. वाट अरुंद आहे, त्यांना आधी जाऊ द्या.