फौजदार ते गृहमंत्री: सुशीलकुमार शिंद्यांना खाकीचा फायदा झाला की ती आड आली?

विजापूररोड
सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, मग सीआयडीत फौजदार. १९७१ साली शरद पवारांच्या आग्रहावरून नोकरी सोडली, करमाळ्यातून पोटनिवडणूक जिंकली, २००३ ला राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री आणि २०१२ ला देशाचे गृहमंत्री. आम्हा सोलापूरकरांना हा प्रवास तोंडपाठ आहे.

माझं म्हणणं असं की फौजदाराच्या सवयीनेच त्यांना वर नेलं आणि तिनेच अडवलं. वरून हुकूम आला की ‘का’ विचारायचं नाही. २००२ ला भैरोंसिंह शेखावतांसमोर उपराष्ट्रपतिपदाला उभं केलं. आकडे विरोधात होते, तरी उभे राहिले. २००४ ची विधानसभा त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात जिंकली, खुर्ची मात्र विलासरावांना गेली. हे राज्यपाल होऊन हैदराबादला गेले. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

वेशीवरचा
साफ चूक. हा खाकीचा गुण नाही, काँग्रेसचा रिवाज आहे. विलासराव तर वकील. जानेवारी २००३ मध्ये शिंद्यांसाठी त्यांनाच खुर्ची सोडावी लागली, त्यांनी कुठे बंड केलं? आणि शिंद्यांनी बंड करायचं कशाच्या जोरावर? संख्येने छोट्या ढोर समाजातला माणूस, मागे गठ्ठा मतं नाहीत. तरी १९९८ आणि १९९९ ला सोलापूर लोकसभा जिंकली, तेव्हा ती जागा राखीव नव्हती. हे सोडून ‘आज्ञाधारक’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

फौजदाराची मुलगी
वडील फौजदार होते म्हणून लिहिते. रात्रीचा बंदोबस्त संपवून आले की दारातच पट्टा सोडायचे आणि गरम पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून बसायचे. आई विचारायची, कुठे होतात? उत्तर एकच, "ड्युटीवर." पुढे एक अक्षर नाही.

२१ नोव्हेंबर २०१२ ला मला तेच आठवलं. कसाबला आर्थर रोडवरून येरवड्याला हलवलं, सकाळी साडेसातला फाशी झाली, आणि आपल्याला कळलं ते सगळं उरकल्यावर. एवढी गोष्ट पोटात ठेवायला खात्यातलाच माणूस लागतो. पण तीच सवय पुढे वाईट ठरली. अफजल गुरूला ९ फेब्रुवारी २०१३ ला फाशी दिली, आणि घरच्यांना कळवणारं स्पीड पोस्ट काश्मीरात पोचलं ११ तारखेला. गुन्हा कसलाही असो, बायकोला शेवटची भेट द्यायला हवी होती.

मृण्मयी
मग डिसेंबर २०१२ ची दिल्ली कशी विसरता? निर्भयासाठी पोरी थंडीत इंडिया गेटवर उभ्या होत्या, त्यांच्यावर पाण्याचे फवारे आणि लाठ्या. दिल्ली पोलीस थेट यांच्या हाताखाली. त्यांना भेटायला का गेला नाहीत, असं विचारल्यावर मुलाखतीत यांचा मुद्दा काय, तर उद्या हत्यारं घेऊन माओवादी आले तर तिथेही गृहमंत्र्याने जायचं का! ज्याने बंदोबस्त पाहिलाय त्याला दंगलखोर जमाव आणि रडणाऱ्या पोरी यांतला फरक पहिल्या नजरेत कळायला हवा. मी तेव्हा कॉलेजात होते. ते वाक्य मला आजही बोचतं.

विजापूररोड
वेशीवरचा, जागेचा मुद्दा मान्य. तो मी लिहायलाच हवा होता. मृण्मयीताई, ते बोलणं चुकलंच. पण पहिल्या दिवसापासून कसोटीच होती: १ ऑगस्ट २०१२ ला पदभार घेतला त्याच संध्याकाळी पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. आणि तुम्ही म्हणता त्या आंदोलनानंतर याच सरकारने बलात्काराचे कायदे तपासायला वर्मा समिती नेमली, २०१३ ला कायदाही बदलला.

मृण्मयी
कायदा बदलला तो त्या पोरी हटल्या नाहीत म्हणून. त्याचं श्रेय मी गृहमंत्र्यांना देणार नाही.

फौजदाराची मुलगी
मीही नाही. पण कसाबच्या वेळचं देईन.